पान उलटल्याचा आवाज

३ जून

ती. ताईस,
गुंडीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघे दुखतात म्हणतेस आणि त्याच पत्रात तीन जिने चढून कुणाची मापं घेऊन आलीस तेही लिहितेस. तुला बोलून उपयोग नाही, तरी बोलते.

आता बातमी, बसून वाच. आमच्या कपडेपटाकडे एका सिनेमाचं काम आलंय, आणि तो सिनेमा आई आपल्याला वाचून दाखवायची त्या कादंबरीवर आहे. तीच, बोटीवरच्या बाईची! आठवतं का, आईची बोटं आखडलेली, सुई धरवायची नाही, म्हणून ती वाचायची. तू खिडकीशी काजं करत ऐकायचीस आणि मी तुझ्या मांडीवर डोकं टेकलं की घोरायला लागायची. सगळ्या कादंबरीतला मला बोटीचा भोंगा तेवढा आठवतोय, तोही बहुधा आईनेच काढलेला.

सिनेमात तीन काळांतल्या तीन बाया आहेत. पहिली ही कादंबरी लिहिते. दुसरी पुष्कळ वर्षांनी कोठीच्या खोलीत लपून ती वाचते. तिसरी आजची, नर्स, एका म्हाताऱ्या पेशंटला रोज थोडी थोडी वाचून दाखवते. एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत, पुस्तक मात्र एकच. शेवटी कादंबरीतली बाई बोटीत बसून निघून जाते, तशा या तिघीही आपापल्या घरातून निघतात.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? कापड बेतायला माणूस कमी आहे. दोन महिने इकडे ये. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते, मी मोजून बघितलंय. तुझ्याबद्दल इथे बोलूनही ठेवलंय. या वेळी नाही म्हणू नकोस.

रागवायचं तर रागव, पण माया कमी करू नकोस.
तुझी,
गुंडी


११ जून

चि. गुंडीस,
ताईचे अ. उ. आ.

वाचून फार आनंद झाला आणि लगेच डोकं फिरलं. तुझ्या डायरेक्टरबाईंना सांग की सिनेमा काढण्याआधी पुस्तक नीट वाचत जा. ती बाई निघून जात नाही! बोटीच्या शिडीवर पाय ठेवते आणि तिला घरी झोपलेली धाकटी बहीण आठवते. ती उठेल, हाका मारेल, आणि घरात ओ द्यायला कुणी नसेल. मग ती बोचकं उचलते, घरी येते आणि बहिणीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करते. संपलं. मी तेव्हा इतकी रडले की एका शर्टाची काजं उलट्या बाजूला केली आणि दुसऱ्या दिवशी शिंप्याची बोलणी खाल्ली. असला सोन्यासारखा शेवट सोडून हे लोक बायांना बोटीत बसवतात. शहाणपणाचा नुसता सुकाळ आहे तुमच्याकडे.

यायचं म्हणशील तर अवघड आहे. गिऱ्हाइकांचे कपडे पडलेत. खालचा घड्याळजी त्याचं मांजर माझ्या भरवशावर सोडून खुशाल गावाला जातो. आणि मला परगावाचं अप्रूप नाही, तुला ठाऊक आहे. शिवणशाळेचं बोलावणं आलं होतं तेव्हाही मी आपल्या मनानेच गेले नाही. कुणी अडवलं नव्हतं.

खोकला कसा आहे ते लिही. गार पाणी पिऊ नकोस.
आहे तशीच लाडकी राहा.
ताई


२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप मी पोचवला आणि फजिती करून घेतली. डायरेक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला चहा माझ्या कापडावर सांडला. मी आपली तुझ्या बाजूने हट्टाने भांडले. शेवटी त्यांनी पुस्तकच माझ्या पुढ्यात टाकलं. ताई, ती बाई खरंच बोटीत बसते. एवढंच नाही, तिला धाकटी बहीणच नाही. मी पहिल्या पानापासून शोधली. ती एकुलती एक आहे. तू दुसऱ्या कुठल्या पुस्तकाशी घोळ घातलास का?

मी त्यांना सांगितलं की आमच्या आईने तर असंच वाचलं होतं. त्या म्हणाल्या, तुमच्या आईंना मी पटकथा लिहायला बसवलं असतं. सगळे हसले, मीही हसले. नंतर मशीनवर बसले तेव्हा मात्र कसंसंच झालं.

एक गंमत सांगते. नर्स झालेली नटी वाचते तेव्हा आवाजवाला तिला सारखा टोकतो. म्हणतो, बाई, पान उलटताना वाजलं पाहिजे, नाहीतर तुम्ही मनचं बोलताय असं वाटतं. बिचारी दिवसभर पानं वाजवत होती.

खाट आणून ठेवली आहे. खोकला बरा आहे.
लवकर दोन ओळी लिही, वाट बघायला लावू नकोस.
गुंडी


१४ जुलै

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. आजारी नव्हते, काळजी करू नकोस. घोळ कुठला? पुस्तक तेच.

तुझ्या त्या आवाजवाल्याने मला जागं केलं. पुस्तक संपलं त्या संध्याकाळी आई वाचत होती, मी मान खाली घालून काजं करत होते, आणि पान उलटल्याचा आवाज आला नाही. बाई बंदरावर पोचली, शिडीवर पाय ठेवून परत फिरली, घरी आली, आणि पान तेच. मला तेव्हाही चुकल्यासारखं वाटलं होतं. आई सावकाश वाचतेय असं समजले. आणि वाचनालयाचं पुस्तक कधी वेळेत परत न करणारी आपली आई, दुसऱ्या दिवशी चहासुद्धा न घेता ते देऊन आली. मला तो शेवट पुन्हा वाचायचा होता.

ती धाकटी बहीणही मधूनच आली, गुंडे. अर्ध्या पुस्तकापर्यंत तिचा पत्ता नव्हता. शिवणशाळेचं बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात ती उगवली. मला वाटलं, आधी कुठेतरी माझं ऐकायचं राहिलं असेल. त्या पोरीला रात्री खोकला यायचा. तुझ्यासारखाच.

आईने मला एकदाही जाऊ नकोस म्हटलं नाही. उलट जा म्हणाली, ट्रंकसुद्धा पुसून ठेवली. ती नाही म्हणाली असती तर मी भांडले असते, दोन दिवस जेवले नसते आणि गेले असते. माझा स्वभाव तिच्याइतका कुणाला ठाऊक होता? पुस्तक संपलं आणि शाळेला नकाराचं पत्र मी स्वतः लिहिलं. तिचा सुंठीवाचून खोकला गेला. तिच्यावर राग धरावा तर तिची बोटं डोळ्यांसमोर येतात. माझे हात गेले असते तर घरात चूल कशावर पेटली असती? सगळं कळतं. पण मी आपल्या मनाने राहिले, एवढीच एक गोष्ट माझी म्हणून मी जपली होती. तीसुद्धा माझी नव्हती याचं फार वाईट वाटतं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू झोपलेली होतीस.
ताई


१९ जुलै

ताई,

मायना सुचत नाही, माफ कर. मनाला लावून घेऊ नकोस म्हणतेस, मग काय करू? तू जायची राहिलीस त्याच शाळेत पुढे मी शिकले. तूच मला स्टेशनवर सोडलंस आणि हसत हात हलवलास. मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की खोकेन एकटी, ताईला जाऊ द्या. पण मला विचारलंच नाही, नुसतं माझं नाव पुढे केलं.

सोबत तिकीट पाठवते, रविवारच्या सकाळच्या गाडीचं. मांजराला घड्याळजी बघेल, त्याचंच आहे. आता वरातीमागून घोडं आहे हे मलाही कळतं, तरी ये. मी स्टेशनवर उभी असेन.
तुझी,
गुंडी


२८ जुलै

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

तू दुपारच्या गाडीपर्यंत थांबलीस असं तुझ्या कार्डावरून कळलं. मला क्षमा कर.

मी निघाले होते गं. कातरी घेतली, टेप घेतली, मांजर पोचवलं. वेळेच्या कितीतरी आधी स्टेशनवर जाऊन बसले. गाडी आली. डब्याची दांडी धरली आणि एक पाय पायरीवर ठेवला. मागून कुणी हाक मारली नाही. घरी आता झोपलेलं कुणीच नाही. जी होती ती पुढच्या टोकाला माझी वाट बघत उभी आहे, हेसुद्धा ठाऊक होतं. तरी पाय मागे वळले. घरी आले आणि सवयीने तुझ्या जुन्या खाटेवरची चादर सारखी केली. आईने शेवट असा बेतला की अजून अंगाला बसतोय, उसवता येत नाही.

मला आता रागही येत नाही, नुसतं चुकचुकतं. सिनेमा लागला तरी मी इतक्यात बघणार नाही. त्यातल्या शेवटाबद्दलही आता आणखी काही पत्रात लिहू नकोस. तुझं काम संपलं की ते पुस्तक घेऊन इकडे ये. मी काजं करत बसेन, तू वाच. पान उलटताना वाजव. आणि या खेपेला शेवटापर्यंत जागी राहा.

येताना गार वाऱ्यात खिडकीशी बसू नकोस.
तुझी वाट बघणारी,
ताई