पाणी भरताना बोलू नये

डेकोरा, आयोवा
३ मार्च १९९७

चि. व्हर्लीन हिला आर्लिसचे अनेक उत्तम आशीर्वाद. राग असला तरी धाकट्यांना आशीर्वाद द्यायचे असतात, म्हणून दिले.

तुझं वाळवंटातलं कार्ड मिळालं. निवडुंगाचं चित्र चांगलं आहे. मागे चार ओळी लिहिल्यास, त्यातल्या तीन हवेबद्दल. इथे अजून गुडघाभर बर्फ आहे आणि माझा उजवा खुबा कामातून गेला आहे. डॉक्टरांनी एकवीस एप्रिलची तारीख दिली. जुना काढून धातूचा बसवणार. नंतरचे सहा आठवडे घरी कोण असेल, असं ते विचारत होते. मी म्हटलं, माझी बहीण. म्हणताना माझं मलाच हसू आलं.

तू मात्र हे हसण्यावारी नेऊ नकोस. घरी कोणी नसेल तर इस्पितळ मला घरी सोडणार नाही, नदीकाठच्या वृद्धाश्रमात पाठवेल. माझ्या गुणी मुलाने, रॉल्फने, अलास्कात बसून फोनवरून तिथे माझं नावसुद्धा घालून ठेवलंय. सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे, म्हणतो. आईलाही आपण सहा आठवड्यांसाठीच ठेवलं होतं. तिला तिथून कसं बाहेर आणलं ते मी पाहिलंय. तू नाही पाहिलंस, कारण तेव्हा टेक्ससमध्ये तुमचा गिअरबॉक्स बसला होता.

चांगलं राहतं घर विकून तू आणि तुझा नवरा चाकांवर राहायला गेलात, त्याला सहा वर्षं झाली. मी तेव्हा काय बोलले होते ते पुन्हा लिहीत नाही, तुला पाठ असेल. एवढंच सांगते की अठरा तारखेच्या आत ये. आणि तुमचं ते चौतीस फुटी धूड माझ्या अंगणात आणायचं नाही. फाटकातून वळताना आईचं लायलॅकचं झाड आडवं येतं आणि त्याची एक काडी मोडलेली मी खपवून घेणार नाही. जत्रेच्या मैदानात उभं करा, नाहीतर नदीत ढकला.

फोन करू नकोस. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला तू तो आपटतेस. पत्र आपटता येत नाही.

कळावे. लोभ शिल्लक असेल तर येताना घेऊन ये.

आर्लिस


ॲरिझोना, एका गॅरेजच्या आवारातून
१६ मार्च १९९७

प्रिय ताई,
स. न. वि. वि. विशेष असं की तुझं पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो आणि तिसऱ्या दिवशी अडकलो.

इंजिनाचा पाण्याचा पंप गेला. आता तू हे वाचून तोंड वाकडं करशील, ते मला इथून दिसतंय. पण एक लक्षात घे. तुझी गाडी बिघडली की तू चालत घरी जातेस. आमची बिघडली की आमचं घरच ओढून नेतात, त्यातल्या चुलीसकट आणि पलंगासकट. गेले पाच दिवस मी तेलाने काळ्या झालेल्या आवारात राहतेय. दाराची दुमडती पायरी खाली येत नाही, म्हणून दुधाच्या क्रेटवर पाय ठेवून उतरते. गॅरेजवाला पाच वाजता फाटकाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकून निघून जातो. एक पंप मागवला, तो दुसऱ्याच गाडीचा निघाला. विचारलं तर म्हणतो, होतं असं कधी कधी. मी त्याला सांगितलं की तुझ्या घराची मोरी पाच दिवस तुंबवून ठेवते, मग होतं का असं ते बघू. डेल्मर नुसता धुमसतोय. तीस वर्षं शाळेच्या बसेस दुरुस्त केलेला माणूस, पण विम्याचं कारण सांगून त्याला स्वतःच्या गाडीला पाना लावू देत नाहीत.

डेल्मरचा दोष काढू नकोस. निघण्यापूर्वी तो बावीस कलमांची यादी हातात घेऊन गाडीभोवती फेरी मारतो. पायरी, वायर, पाणी, झाकणं, एकेक हाताने चाचपून बघतो. फेरी चालू असताना त्याच्याशी बोलायचं नाही, हा आमच्या घरातला एकमेव कायदा. आमच्यासारखे गाडीत राहणारे सगळेच तो पाळतात. कोणी पाण्याची नळी किंवा विजेची वायर काढत असला की शेजारची सर्वांत बडबडी बाईसुद्धा तोंडावर हात ठेवून उभी राहते.

आईच्या वेळी मी आले नाही, हे खरं. का आले नाही ते तू तीन वर्षांत एकदाही विचारलं नाहीस, आणि आता मीही सांगणार नाही. पण या वेळी येतेय. वृद्धाश्रमातलं नाव खोडायला सांग.

पुढचं पत्र न्यू मेक्सिकोत टुकमकारीच्या पोस्टात पाठव, ते आमच्यासाठी राखून ठेवतील.

कळावे. लोभ आहेच, सध्या तो क्रेटवर उभा आहे.

तुझी व्हर्लीन


डेकोरा
२५ मार्च १९९७

चि. व्हर्लीन हिला आशीर्वाद.

या वेळी पंप. मागच्या वेळी गिअरबॉक्स, त्याआधी ब्रेक, रॉल्फच्या लग्नाला टायर. तुमच्या त्या गाडीला माझ्या घरचं कार्य अचूक कळतं. नाव मी खोडायला सांगितलेलं नाही. रॉल्फ म्हणाला, मावशी फाटकात दिसली की खोडू. माझाच मुलगा तो, पण त्याचं चुकलं असं म्हणवत नाही.

मी विचारलं नाही म्हणतेस. मग तू न विचारलेलं मीच सांगते. शेवटचे चार दिवस आई सारखं तुझं नाव घेत होती. उशाशी मी होते, तिचे ओठ ओले करत होते, आणि ती मला विचारत होती की व्हर्लीन कुठवर आली. मी सांगितलं, डे मॉइनपर्यंत आली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, वॉटर्लूला पोचली. तिला वाटायचं आपण घरीच आहोत. चौथ्या दिवशी मला पुढे काही सुचेना, तेव्हा मी तुला आपल्या फाटकात आणून उभं केलं, लायलॅकपाशी. आई म्हणाली, मग ती आत का येत नाही. त्यानंतर ती काही बोलली नाही.

तीन वर्षं हे मी गिळलं होतं. आता तू गीळ. मला तुझा इतका राग आहे की पेन कागदातून आरपार जातंय. खुब्याचं मला काय, एका पायावरही मी दिवस काढीन. पण त्या इमारतीत, त्या पिवळ्या भिंतीकडे बघत मला मरायचं नाही, आणि ते आता तुझ्या हातात आहे. इतके भरवशाचे हात मला आयुष्यात दुसरे मिळाले नाहीत, तेव्हा मी निवांत आहे.

कळावे. लोभाचं मी काही लिहीत नाही.

आर्लिस


टुकमकारी, न्यू मेक्सिको
५ एप्रिल १९९७

श्रीमती आर्लिसताई यांस,
डेल्मरचा स. न. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. नाताळच्या कार्डावर नावसुद्धा व्हर्लीनच घालते. आज लिहिणं भाग आहे. ती कपडे धुवायला गेली आहे आणि ती परत यायच्या आत हे पेटीत पडायला हवं.

आमच्या गाडीच्या अंगाला दोन तोंडं आहेत, हातभर अंतरावर. एक पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं, एक डिझेलचं. नवशिके चुकतात. मी अशा लोकांना हसत आलोय. आमच्या डिझेलच्या झाकणाला मी स्वतः लाल रंग दिला आहे. गेल्या रविवारी सकाळी मी पाणी भरत होतो. व्हर्लीनने तुमचं पत्र आदल्या दिवशी पोस्टातून आणलं होतं, पण उघडायचा धीर केला नव्हता. त्या सकाळी तिने ते उघडलं आणि मोठ्याने वाचत दारातून बाहेर आली. मी हात वर केला, म्हणजे गप्प. ती थांबली नाही. थांबण्यासारखं ते पत्र नव्हतंच. लाल झाकण माझ्या हातात होतं, मी त्याच्याकडे बघत होतो, तेवढ्यात ते फाटकातलं वाक्य आलं. मी डिझेलच्या टाकीत पाणी सोडलं. झाकण लावलं, यादीवर खूण केली आणि गाडी चालू केली. चार मैलांवर इंजिन बंद पडलं.

इथला मेकॅनिक एफ्रेन सज्जन आहे. त्याने बरणीत डिझेल धरून दाखवलं, तळाशी चार बोटं पाणी. व्हर्लीनचं म्हणणं, डिझेलच्या पंपावरच्याने भेसळ केली आणि एफ्रेन त्याला सामील आहे. चार दिवस ती त्याच्यावर तोंड सोडतेय. पंपावर जाऊन तिथेही भांडून आली. मी मान खाली घालून उभा राहतो. तिच्या वाचण्यामुळे हे झालं असं कळलं तर ती जगाचा राग सोडून स्वतःवर धरील, आणि तो मला बघवणार नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. टेक्ससमध्ये गिअरबॉक्स गेला, तेव्हा व्हर्लीनने पहिल्याच दिवशी बॅग भरली होती. बसचा थांबा गॅरेजच्या समोर होता. मी म्हटलं, थांब, उद्या गाडी होईल. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं, तिसऱ्याही. आम्हा मेकॅनिक लोकांच्या तोंडात हा शब्द बसलेला असतो. पण खरं सांगायचं तर मला त्या आवारात एकट्याने राहायचं नव्हतं. बाकी काही कारण नव्हतं. चौथ्या दिवशी तुमचा फोन आला. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही आणि तुम्हालाही सांगितलं नाही. तीन वर्षं तुमची जी बोलणी तिने खाल्ली, ती माझ्या वाट्याची होती.

मलाही तुमचा राग आलाय, आर्लिसताई. घर हाकत तुमच्याकडेच निघालेल्या बाईला असलं पत्र पाठवू नये. पण तुमच्याहून जास्त मला माझा आलाय.

इंजिन उघडावं लागेल. कधी होईल ते मी सांगणार नाही. सोमवारच्या बसचं तिचं तिकीट काढलं आहे. ती येत नाही म्हणते, मला टाकून जाणार नाही म्हणते. मी सांगितलं, नाही गेलीस तर गाडी इथेच भंगारात घालतो. सहा वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यावर आवाज चढवला. बुधवारी दुपारी ती ला क्रॉसला उतरेल. कोणालातरी गाडी घेऊन पाठवा.

कळावे. लोभ माझ्यावर नसला तरी चालेल, तिच्यावर असावा.

डेल्मर


डेकोरा
३ मे १९९७

डेल्मर,

नमस्कार वगैरे काही नाही.

ताई सोमवारी घरी आली. वॉकर धरून स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत जाते आणि वाटेत माझ्या तीन चुका काढते. भांडी मी चुकीच्या कपाटात ठेवते, उशी पातळ आहे, चर्चच्या बायकांनी आणून टाकलेले ट्यूनामाशाचे नूडल्स मी तोंडावर परत का केले नाहीत. आम्ही रोज भांडतो. इस्पितळातली नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली की दुसरं कोणी नाही का. ताईने ते ऐकलं आणि कॉटवरूनच तिला झापलं, की ही माझी बहीण आहे आणि हिला बोलायचा हक्क फक्त माझा आहे. घरी पोचल्याबरोबर तिने रॉल्फला फोन करून वृद्धाश्रमातलं नाव खोडायला लावलं. खोडलं का, हे विचारायला त्याच दिवशी पुन्हा दोनदा फोन केला.

काल सकाळी तिने मला तळघरातून करवत आणायला सांगितली. लायलॅक तोड, म्हणाली. कळ्या धरल्या होत्या, दहाबारा दिवसांत फुलला असता. मी म्हटलं, आईचा आहे तो. ती म्हणाली, मला शिकवू नकोस, जमिनीपासून चार बोटं ठेव आणि बाकीचं काढ. मला वाटलं हीसुद्धा मला शिक्षाच आहे. त्या रागातच करवत चालवली. ती खिडकीत उभी राहून काच ठोकत होती, हात वाकडा चाललाय म्हणून. शेवटची फांदी पडली तेव्हा मी तिथेच मातीत बसून रडले. वर बघितलं तर काचेमागे तीही रडत होती, आणि तरी ठोकत होती.

आत आल्यावर तिने तुझं पत्र माझ्या पुढ्यात टाकलं. महिनाभर उशीखाली ठेवलं होतं.

डेल्मर, पाण्याची गोष्ट तू तिला लिहिलीस आणि मला सांगितली नाहीस. मी त्या बिचाऱ्या एफ्रेनला चोर म्हटलं. त्याच्या आईचा उद्धार केला. तू शेजारी उभा होतास. माझा राग तुला बघवत नाही म्हणे. पंचेचाळीस वर्षं संसार केल्यावर काय बघवतं आणि काय नाही हे ठरवायचा अधिकार तुला एकट्याला कोणी दिला? उद्याच्या उद्या त्याच्यापुढे उभा राहून पाणी मी भरलं असं सांग, आणि तेव्हा शेजारी बायको पत्र वाचत होती हेही सांग. टेक्ससबद्दल मी काही लिहीत नाही. मी बॅग भरली होती आणि रिकामी माझ्याच हाताने केली. तू म्हणालास म्हणून मी थांबले, पण पाय माझे होते. हे मी ताईलाही सांगितलं. ती म्हणाली, नूडल्स गरम कर.

इथे सगळं आहे आणि तू नाहीस, याचा मला सर्वांत जास्त राग येतो. मोजे खालच्या खणात आहेत. क्रेटवरून उतरताना दांडा धर.

कळावे. लोभ आहे, पण आल्यावर दोन तास तो दिसणार नाही.

व्हर्लीन

ता. क. हे ताईच्या हातचं आहे:

डेल्मरराव,
व्हर्लीनकडून टेप लावून वळण मोजून घेतलं. चौतीस फूट बसतात. लायलॅक बुंध्यापासून पुन्हा फुटतो, आई नेहमी सांगायची. तीन वर्षांत फूल धरेल. तुमच्या वायरीसाठी शेजारच्या ऑरिनने गोठ्याच्या भिंतीवर विजेची जोडणी करून ठेवली आहे. उद्या येतो असं कळवू नका, गाडी होईल तेव्हा निघा. आणि आल्यावर फाटकात थांबू नका. आत या.

आर्लिस