कोरी प्लेट का चमकते

२ मे
आजपासून शिस्त. सोळा तारखेला समितीसमोर प्रयोग. जमला तर फेलोशिप वाढेल, नाही तर पीएच.डी. अर्धवट टाकून घरी. जमणारच! माझे नॅनोकण जंतूला चिकटतात आणि जांभळ्या दिव्याखाली हिरवे चमकतात. मग लाल दिवा लावला की जंतू खलास. जखमेवर फवारा मारा, दिवा लावा, संपलं. पेटंटसाठी चांगला फोटो काढून ठेवायला हवा.

४ मे
जंतूंची प्लेट झकास चमकली. पण कोरीही चमकली, जिच्यावर मी जंतू सोडलेच नव्हते. पिंकीचा हलगर्जीपणा, दुसरं काय. ज्युनिअर असून मलाच म्हणते, भैया, ग्लव्ह्ज पहन लो. ग्लव्ह्जमध्ये पकड जाते. तबलजी मोजे घालून वाजवतो का?

७ मे, ऊन ४४
कोरी पुन्हा चमकली. सिलतऱ्याच्या कारखान्यांची धूळ! खिडकीला ओला टॉवेल लावला. माझ्या गाइड विनोदिनी मॅडम म्हणाल्या, सुशील, धूळ अशी चमकत नाही. पुण्याच्या आहेत. रायपूरची धूळ त्यांना काय माहीत.

९ मे
झोप नाही. पहाटेच तेलीबांध्याच्या तलावाला दोन चकरा मारल्या. आई म्हणाली, काहून तळमळून राहिला रे पोट्ट्या? बासी नेत जा, डोकं थंड राहते. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी आंबूस झालेला खायचा. शेजारच्या सरिता दीदींनी शिकवलंय. लॅबमध्ये खायला मनाई आहे, पण कपाटाआड कोण बघतं. बासी बोटांनीच कालवावी लागते. नंतर नळ सोडला तर टाकीचं पाणी उकळतं! हात ॲप्रनला पुसले आणि लगेच प्लेटा भरायला बसलो. वेळ वाचला.

१२ मे
डोकं थंड, पण जीव थाऱ्यावर नाही. आता दोन डबे नेतो. कोरी प्लेट तर आज जंतूंच्या प्लेटलाही लाजवील अशी चमकली. फ्रीजवर संशय आहे. फ्रीज पुसून घे म्हटलं तर पिंकी 'हव', म्हणजे हो, म्हणाली आणि माझ्या ॲप्रनकडे बघत बसली.

१६ मे, सकाळ
सापडलं! दिवाच सदोष आहे, सगळंच चमकवतो. समितीला हेच पटवायचं. शुभदिवस म्हणून आईनं बासीत दही घातलं.

१६ मे, संध्याकाळ
दोन्ही प्लेटा चमकल्या. मी शांतपणे म्हणालो, दिवा खोटं बोलतोय, माझा स्वच्छ हातसुद्धा चमकवून दाखवतो. पिंकीच्या आणि माझ्या हातावर कणांचा फवारा मारला. दिवा लावला.

पिंकीचा हात काळोखात नाहीसा झाला. माझी पाचही बोटं नखांपर्यंत हिरवीगार. मग मॅडम हळूच म्हणाल्या, कण उत्तम आहेत. फार लाज वाटली.

फेलोशिप वाढली. अट एकच, प्लेटांना हात फक्त पिंकी लावणार.

घरी आईनं विचारलं, जमलं का रे? म्हटलं, हो, दिव्यानं पहिला रोगी पकडला. कोण रे तो बिचारा, म्हणाली. मी साबण घेऊन मोरीत गेलो.