रिकामं घर असलं की जहाज येतं

सोमवार, ६ जानेवारी
नोकरी लागली! दिवसभर संगणकावर गेम खेळायचा आणि वर पगार घ्यायचा, हे मावशीला पटवता पटवता नाकी नऊ आले. लहानपणी याच उद्योगापायी धपाटे खायचीस, आता लोक बोलावून नेतात होय, म्हणाली. या गावात तिच्याशिवाय माझं कुणी नाही. कालच तिच्या आतल्या खोलीत बॅग ठेवली.

ऑफिस म्हणजे छापखान्यावरच्या दोन खोल्या. खाली कागद कापायचं यंत्र चाललं की आमचा चहा कपात थरथरतो. माणसं तीनच: मालक, मी आणि प्रोग्रामर. त्याला सगळे 'दाढी' म्हणतात. दाढी त्याने केव्हाच काढली, नाव काही निघालं नाही.

गेम जुन्या काळातला आहे. ओसाड किनारा, त्यावर वसाहत उभी करायची. विहीर, धान्याचं कोठार, लाकडाची वखार, घरं. माणसं जहाजाने येतात. चुका सापडल्या की दाढीला सांगायच्या, एवढंच माझं काम.

बुधवार, ८ जानेवारी
मला मास्तरांची वसाहत पुढे चालवायला दिली. मास्तर माझ्या जागेवर होते. इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि हौस म्हणून इथे आले. मागच्या महिन्यात झोपेतच गेले. काय देखणी वस्ती उभारली आहे! कातडी कमावायचा कारखाना असा ठेवलाय की घरांकडे वास फिरकत नाही. दाढीने एक नियम नीट समजावला: घर रिकामं असेल तरच जहाज येतं. जागा असेल तितकीच माणसं उतरतात.

शुक्रवार, १० जानेवारी
पहिली चूक सापडली. एक म्हातारा काहीच काम करत नाही. हात मागे बांधून, एक खांदा पाडून, धक्क्यावर येरझारा घालतो. दाढीला बोलावलं. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. अशी चाल त्याने कुणालाच दिलेली नाही. मास्तर असेच चालायचे, एवढंच म्हणाला आणि मालकांना सांगू नको म्हणून बजावलं.

मी म्हाताऱ्यासाठी विहिरीजवळ घर बांधलं. तो आत गेला नाही. उंबऱ्याशीच समुद्राकडे बघत उभा राहिला.

मंगळवार, १४ जानेवारी
मास्तरांची बायको त्यांचा स्वेटर न्यायला आली होती. माझ्या स्क्रीनकडे तिची नजर गेली. खुर्ची ओढून बसली. मग हळूच म्हणाली, "एकटे नाही शिरायचे ते घरात. कुलूप मीच उघडायचे." घरात आणखी एकाची सोय होईल का, असं तिने विचारलं. मला गलबलून आलं. मी एक खोली वाढवली. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि स्वेटर घेऊन गेली.

गुरुवार, १६ जानेवारी
जेवणाच्या सुट्टीत जहाज लागलं. एकच बाई उतरली. हातावर स्वेटर.

थोड्या वेळाने फोन आला. मास्तरांची बायको बसल्या खुर्चीत गेली. स्वेटर मांडीवर होता. इकडे स्क्रीनवर दोघं घरात शिरली आणि दार लागलं. मी रडले. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. त्याचीच आता लाज वाटते.

सोमवार, २० जानेवारी
धक्क्याजवळ नवं घर उभं आहे. मी बांधलेलं नाही. दाढी शपथेवर सांगतो, हुकमाशिवाय इथे वीटसुद्धा हलत नाही. पण मास्तरांच्या हातात हातोडा आहे. दारात फुटक्या बादलीत मोगरा. मावशीच्या गॅलरीत आहे तसाच, बादलीला तसाच तडा.

मावशीला सकाळपासून धाप लागते आहे.

मंगळवार, २१ जानेवारी
घर पाडलं. फोन केला. मावशी उठून चहा करत होती. दुपारी घर पुन्हा उभं. मावशी पुन्हा आडवी. पाडलं. उभं राहिलं. पाडलं.

शेवटी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, पुसून टाका सगळं. पुसलं जाईना. दाढीने वायरच उपटली. स्क्रीन काळा झाला.

हातोड्याचा आवाज थांबला नाही.

बुधवार, २२ जानेवारी
डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, धीर धरा. मावशी विचारते, लाटांचा आवाज कुठून येतो गं? इथे समुद्र कुठला —

ऑफिसला गेले. दाढीने वायर जोडली. जहाज धक्क्याला लागलेलं. मास्तरांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. उत्तर न आलेल्या पोरीकडे बघावं तसं. थांबून.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तिला नको, मास्तर. मी येते."

त्यांनी मान डोलावली.

गुरुवार, २३ जानेवारी
मावशी उठली! काही खाल्लं नाहीस म्हणून मलाच फैलावर घेतलं. तिच्या कुशीत तोंड घालून हसले, रडले.

दाढीचा फोन. जहाज निघालं, म्हणाला. रिकामंच. कुणाला तरी आणायला जावं तसं. तो आता ऑफिसला जाणार नाही.

अंथरूण ओलं आहे. जिभेला लावून पाहिलं. खारट.

शुक्रवार
दुपार. मावशी बाहेर डुलकी घेतेय. मी आतल्या खोलीत. दार लावून घेतलंय. खोली हलते — छापखाना नाही हा — डावीकडे, उजवीकडे — पलंग सावकाश —

भिंतीपाशी उतरायला फळी टाकलीय कुणीतरी. पलीकडे मास्तर. हात पुढे केलाय —

मावशी जागी झाली. कुणाशी बोलतेस गं, विचारतेय. चपला वाजतायत. कडी — कडी लागलीच नव्हती —

मावशी, आत येऊ नकोस. इथे फरशी नाहीये. मावशी, पाय टाकू न