धाकटीच्या घरातली मागची खोली

प्रिय धाकटे,

झालं एकदाचं तुझं घर! व्यवहार पूर्ण झाल्याचं सांगायला तू फोन केलास, तेव्हा मी तुझ्या दादाच्या शेजारीच उभी होते. त्याने फोन माझ्यापुढे धरला, आणि मी हात ओले असल्याची खूण केली. हात कोरडे होते. नंतर निवांत बोलू म्हटलं आणि तेही राहिलं. आज मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानाला सुट्टी, पण घरी बसवेना म्हणून मालकीणबाईंकडून किल्ली घेऊन इथे आले आहे. भिंतीवर नुसत्या फ्रेमा आणि मी. अभिनंदनाने सुरुवात करायची असं ठरवलं होतं, तर ते केलं, असं समज.

किती घाबरली होतीस गं तू. तलावावर एवढ्या पोरांना खोल पाण्यात उतरवतेस, शिट्टी वाजवून मोठ्यामोठ्यांना गप्प करतेस आणि चार भिंती बघून तुझा धीर सुटला. मानेवर पुरळ उठलं, झोप उडाली. एका फ्लॅटमध्ये तर तू न्हाणीघरात जाऊन रडलीस आणि दलाल बाहेर किल्ल्या खुळखुळवत उभा. "ताई, संध्याकाळपर्यंत कळवा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे," हे त्याचं पालुपद. तिथून तू तडक आमच्याकडे आलीस आणि आईंच्या मांडीवर डोकं ठेवलंस. मी चहा करायला आत गेले. ट्रे घेऊन बाहेर येते तो काय, आईंनी चपला घातलेल्या. "चल, दाखव मला ते घर. बघू तरी कसलं एवढं खायला उठलंय तुला," असं म्हणत त्या तुझ्याबरोबर निघूनसुद्धा गेल्या. तिन्ही कप चहा मी एकटीने प्यायले. रागाने.

त्यानंतर तुझा रोज फोन आणि रोज 'आई म्हणाली'. आई म्हणाली, दिवसाला एकच घर बघायचं, दुसऱ्याचं नावसुद्धा काढायचं नाही. आई म्हणाली, घरात शिरल्यावर आधी खाली बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, कप संपेपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. आणि मग आईंनी दलालाला काय ऐकवलं, ते तर तू मला दोनदा सांगितलंस: "आम्ही आज हो म्हणणार नाही. तुमचं दुसरं गिऱ्हाईक आलं तर खुशाल द्या त्याला, आम्ही रागावणार नाही." त्या दिवसापासून तो दलाल आईंसाठी खुर्ची घेऊन यायला लागला म्हणे. तू हसत होतीस, कितीतरी दिवसांनी. पुरळही गेलं होतं. मी इकडून "वा, वा" म्हणत होते आणि माझ्या पोटात दुखत होतं.

का दुखू नये, सांग? आम्ही घर घेतलं तेव्हा माझं काय झालं होतं, तुला माहीत नाही, तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस. मला जेवण जात नव्हतं. कर्जाच्या कागदावरची सही इतक्यांदा चुकली की बँकेतल्या माणसाने पाणी मागवलं. आईंना मी म्हटलं होतं, एकदा येऊन बघा, मला काही सुचत नाहीये. तर त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघा, मला त्यातलं काय कळतंय!" आणि आता, गुडघे गेल्यावर, सगळंच कळायला लागलं. पाण्याच्या टाकीपासून शेजाऱ्यांच्या स्वभावापर्यंत.

शेवटी तूच म्हणालीस, वहिनी, हे घर बघायला तूही चल. गाडीत पुढे तुम्ही दोघी, मागे मी आणि थर्मास. तळमजल्याचं ते घर मला आवडलं, खोटं कशाला बोलू. मी आपली खिडक्या उघडून बघत होते, भिंतीवर हात फिरवून ओल शोधत होते. ओल असती तर बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं. मागच्या खोलीत आले तर आई चक्क जमिनीवर बसलेल्या! आमच्याकडे त्यांना खाली बसवत नाही म्हणून मी शोधून शोधून उंच खुर्ची आणली, पलंगाखाली लाकडी ठोकळे लावून घेतले. आणि तुझ्यासाठी त्या फरशीवर मांडी घालून चहा पीत होत्या. उठताना त्यांनी हात वर केला. आपण दोघींनी हात पुढे केला. त्यांनी तुझा धरला. तू जवळ उभी होतीस म्हणून असेल. मी ते पुन्हापुन्हा स्वतःला सांगितलं, की ती जवळ होती.

आणि तिथेच तू म्हणालीस, "वहिनी, ही आईची खोली. सकाळचं ऊन येतं इथे."

मी म्हटलं, छान आहे.

पुढचं तू आणि तुझ्या दादाने फोनवर ठरवलंत. आईने आता कायमचं तिकडेच राहायचं. धाकटी एकटी असते, तिला सोबत होईल, आईलाही लेकीकडे बरं वाटेल. माझा चहा उकळेपर्यंत सगळं ठरलंसुद्धा. तुम्ही दोघं त्यांची मुलं, तुम्हीच ठरवणार, त्यात वावगं काही नाही. पण मला कुणी विचारलं नाही गं. उलट अभिनंदनच. वरच्या मजल्यावरची म्हणाली, "सुटलीस बाई!" दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, आता जरा स्वतःकडे बघ. मी सगळ्यांपुढे हसले. दवाखान्यात नवा डॉक्टर आला की विचारतो, लेक का तुम्ही? मी मान हलवते, आणि आईंनी आजवर एकदाही ते दुरुस्त केलेलं नाही. कोणती गोळी दिली की त्यांना मळमळतं, रुसल्या की कोणत्या कुशीवर झोपतात, बातम्या ऐकताना कुणाला शिव्या देतात, हे मला ठाऊक आहे. तुझा दादा एवढ्या वर्षांनंतरही त्यांच्या चष्म्याचा नंबरसुद्धा सांगू शकणार नाही. तूही नाही. रागावू नकोस, पण तूही नाही.

परवा मी त्यांची पायाची नखं कापत होते. माझी मान खाली. वरून त्या म्हणाल्या, "काय गं, मी जाऊ का?" इतक्या हळू, की ऐकलं नाही असं करता आलं असतं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबलेल्याच होत्या. मी म्हटलं, "लेकीचं घर आहे, जा की. मला कशाला विचारता?" त्या "बरं" म्हणाल्या आणि पाय मागे घेतला. एका पायाची नखं राहिलीच. तेव्हापासून त्यांनी बॅग काढून ठेवली आहे. सकाळी स्वेटर भरतात, दुपारी बाहेर काढतात. ताटातलं अर्धं अन्न तसंच राहतं. तुझा दादा म्हणतो, नव्या जागेचं टेन्शन आलं असेल. मला माहीत होतं कसलं टेन्शन ते, पण तोंड उघडत नव्हतं. नको म्हटलं आणि त्या तरीही गेल्या, तर मग मी या घरात कोण?

आज सकाळी राहवलं नाही. त्या बॅगेची चेन ओढत होत्या आणि ती अडकली होती. सोडवायला गेले आणि सोडवता सोडवता बोलून टाकलं, "आई, नका जाऊ. धाकटीकडे राहायला जा, हवं तेवढं राहा, पण कायमच्या नका जाऊ. मला चालणार नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना 'मला चालणार नाही' असं म्हटलं. त्या पलंगावर बसल्या. डोळे पुसले आणि चक्क चिडून म्हणाल्या, "मग धाकटीला कोण सांगणार? मला नाही जमायचं हं." मी म्हटलं, मी सांगते. म्हणून हे पत्र, धाकटे. दादाने मन वळवलं असं तुला वाटायला नको, मीच मागून घेतलं आहे त्यांना तुझ्याकडून. तू रडशील हे माहीत आहे. मला शिव्या दे, फोन करून दे, आज हात कोरडेच आहेत असं समज. ती खोली मात्र त्यांच्याच नावाने ठेव. नव्या घरात सुरुवातीला तुला एकटीला भीती वाटेल, तेव्हा आई तुझ्याकडे येतील, तुला तिथे शांत झोप लागेपर्यंत राहतील. मी स्वतः आणून सोडीन त्यांना. आणि परत न्यायलाही मीच येईन.

तुझीच,
वहिनी