उणे अठरामधली सुरमई

आये, तू गेल्यावर दोन वर्षांनी मी तारापूरच्या एमआयडीसीत एका कोल्ड स्टोरेजमध्ये लागलो, तो अजून तिथेच आहे. काटे काढून, सोलून केलेले माशांचे तुकडे पाकिटात भरून इथे उणे अठरा अंशांत ठेवतात. त्यांना फिलेट म्हणतात. ते अजून खाण्याजोगे आहेत का, हे तपासून कागदावर सही करायची, हे माझं काम. तू हसली असतीस. डोळे नाहीत, कल्ले नाहीत, बोटाने दाबावं तर दगड. मग बघायचं काय?

या गारठ्यात मासा सडत नाही, पण म्हातारा होतो. घोळ मासळीत तेल कमी, ती वर्षभर निभावते. सुरमईला त्याआधीच जुनाट वास धरतो. पाकिटात हवा शिरली की कडा पांढऱ्या, कोरड्या पडतात. खोलीचं दार नीट लागलं नाही आणि माल सैलावून पुन्हा गोठला, तर पाकिटात बर्फाचा भुगा साचतो. म्हणून एक तुकडा मीठ-हळद न लावता नुसत्या पाण्यात उकडायचा, वाफेचा वास घ्यायचा आणि शेवटी चावून बघायचा. खवट तेल नाकाला फसवतं, जिभेला नाही.

बोईसरच्या बाजारात तुझ्याशेजारी बसायचो तेव्हाचा एक दिवस सारखा आठवतो. मी तेव्हा कॉलेज सोडलेला, तोंडाने वाचाळ. एक बाई विचारते, "ताजा आहे ना?" मी म्हणतो, "आत्ता होडीतून उतरलाय!" तू तिच्या पिशवीतून मासा परत काढतेस. "कंची होडी रे? कालची?" मग तिला सांगतेस, "बाय, कालचा हाय, बरफातला. आंबट घालून कर, चांगला लागंल. नायतर ठेव." ती हसते आणि तोच मासा घेऊन जाते. नवापूरला घरी परतताना तू एवढंच म्हणालीस, "कालच्या माशाला लाज नाय, मग तुला कशाला रे?"

गेल्या महिन्यात एका खोलीच्या दाराचं रबर फाटलं. चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. आत सुरमईचा मोठा साठा, हॉटेलांकडे जायचा. रबर बदललं, माल पुन्हा कडक झाला आणि सोमवारी गाडी दारात उभी राहिली. मॅनेजर म्हणाला, "देखो दादा, पत्थर जैसा माल है. किसी को कुछ नहीं होगा." त्याचं खोटं नव्हतं, इतकं सैलावल्याने कुणी आजारी पडत नाही. फक्त सुरमई सुरमईसारखी लागत नाही. मी पाकिटातला भुगा दाखवला. तो हसला. "इतना डर लगता है तो लोडिंग पे चले जाओ, वहाँ चखना नहीं पड़ता." माझे गुडघे आता पेट्या उचलण्याजोगे राहिले नाहीत, हे त्यालाही ठाऊक आहे.

मी तुकडा उकडला. वाफेत काहीतरी होतं, किंवा मला तसं वाटलं. चावून बघितला असता तर नक्की कळलं असतं. पण सोमवारी माझा शंकराचा उपास, आपल्या घरात कुणी मोडलेला नाही. एरवी सोमवारी चवीचं काम मी मंगळवारवर ठेवतो. त्या दिवशी कागदावर 'चव' या शब्दापुढे 'चांगली' असं लिहिलं आणि सही केली. गाडी गेली. संध्याकाळी देवळात गेलो, बेल वाहिला, हात जोडले आणि घरी आलो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहितो. त्या सुरमईच्या नमुन्याचं पाकीट माझ्या टेबलावर शनिवारी सकाळीच आलं होतं, त्या दिवशी मला उपास नव्हता. सोमवार उजाडेपर्यंत ते मीच फ्रीजरमध्ये ठेवलं.