उपडा निळा ड्रम

मंगळवार, १४ मे, संध्याकाळ

गल्लीच्या ग्रुपवर बातम्या टाकायचं काम माझं. दुपारी घाईघाईत 'उद्या पाणी येणार' असं टाकलं. मेसेज मागच्या आठवड्याचा निघाला. आत्ता व्हॉल्व्हमन म्हणाला, उद्या नाही, परवा.

एका दिवसाचाच तर फरक, म्हणून गप्पही बसले असते. पण उद्या पाणी म्हटलं की इथे सगळे आदल्या दिवशी शिळं पाणी ओतून ड्रम घासतात. हे मला माहीत नव्हतं का?

समोरच्या अक्कांचा निळा ड्रम ओट्यावर उपडा पडलेला. मी गेले तर हसून म्हणाल्या, "तुना मेसेज उना, बठ्ठं पाणी झाडेसले टाकी दिन्हं." माझ्या मेसेजवर विसंबून सगळं पाणी झाडांना घालून मोकळ्या! घरी येऊन आमच्या ड्रममधून दोन कळशा भरल्या, त्यांच्या दारात ठेवल्या आणि नुसतं "असू द्या" म्हटलं. खरं का नाही सांगितलं? लाज, दुसरं काय.

डोळ्यांसमोरून तो उपडा ड्रम जाईना. शेवटी ग्रुप उघडून 'चूक झाली' एवढं लिहिलं. पाठवणार, तोच मागच्या अंगणातून खरखर ऐकू आली. धावत गेले. सासूबाई आमचा ड्रम उपडा करून घासत होत्या.