बदली माल

२ मार्च

सकाळी पोचलो. फाटकातूनच गाडी दिसली आणि प्रवासाचा सगळा शीण पळाला. दोन दारांची, उघड्या टपाची, साठी उलटलेली. पत्रा गंजलेला, कापडी छपराच्या चिंध्या, सीटमध्ये उंदरांनी थाटलेला संसार. पण सांगाडा अजून सरळ! असं काम आयुष्यात एकदाच हाती लागतं. शेडच्या वरची खोली मला दिली आहे. पलंग, टेबल, शेगडी, एक खिडकी. माझ्यासारख्या मिस्त्रीला आणखी काय हवं?

मालकांना सगळे साहेब म्हणतात. सत्तरीचे असतील, बोलणं मोजूनमापून. गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी, जशीच्या तशी, असं तीनदा बजावलं. मी म्हटलं, तीस वर्षं हेच करतोय. त्यावर हसलेसुद्धा नाहीत. टेबलावर बायकोचा फोटो ठेवला आणि तिला फोन लावला. काम झालं की तुला या गाडीतून फिरवणार, म्हटलं. ती म्हणाली, आधी वेळेवर जेवत जा.

५ मार्च

साहेबांची एक पद्धत आहे. गाडीतून काढलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधायची. मूळचा असेल तर पांढरी, मागाहून कोणी बसवलेला असेल तर लाल. लाल म्हणजे बदली माल. तो संध्याकाळी शेडबाहेरच्या पिंपात जातो. चिठ्ठ्या ते स्वतः बांधतात, मला हात लावू देत नाहीत. दिवसभर डोक्यावर उभे राहतात आणि माझ्या प्रत्येक फटक्याला तोंड वाकडं करतात. डोकं उठलंय नुसतं.

दुपारी वातावरण जरा हलकं करावं म्हणून म्हटलं, साहेब, बदली माल तर माझ्यातच जास्त. पुढचा दात बदली, बायकोही बदली! बायको स्वतःच हा विनोद चारचौघांत करते. साहेबांनी चष्म्यावरून रोखून पाहिलं आणि पहिलीबद्दल विचारलं. मी सगळं सांगून बसलो. आमचं कधी पटलं नाही. शब्दाला शब्द वाढायचा आणि मी आठ-आठ दिवस घराकडे फिरकायचो नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली तेव्हाही मी कामावरच होतो. दुसरी आली आणि मी माणसांत आलो. ती नसती तर आज कुठे पडलो असतो कोण जाणे. परक्या माणसाला हे सगळं कशाला सांगितलं, असं नंतर वाटत राहिलं.

९ मार्च

सीट झाली. इथे मी थोडी चलाखी केली. आत मूळच्या स्प्रिंगा आणि काथ्या होता. तो कुटाणा कोण करत बसणार? सरळ फोम भरला आणि वरून मूळच्या रंगाचं चामडं शिवलं. बघणाऱ्याला दिसत नाही, बसणाऱ्याला कळत नाही. आमच्या धंद्यात सगळेच करतात. उलट माझी सीट जास्त मऊ झाली आहे, म्हाताऱ्याने आभार मानायला हवेत.

१० मार्च

सकाळी माझा फोम पिंपात. सीट जागेवर. माझी शिवण जशीच्या तशी, एक टाका उसवलेला नाही. दाभण खुपसून बघितलं तर आत स्प्रिंगा आणि काथ्या. ओलसर, कुबट.

साहेबांशी कडाक्याचं भांडलो. मला चोर ठरवायचं असेल तर तोंडावर बोला, म्हटलं. ते शांतपणे म्हणाले की त्यांनी काही केलेलं नाही. इथे बदली टिकत नाही, मूळचं परत येतं, आधीच्या मिस्त्रीलाही हेच सांगितलं होतं. मग माझ्याकडे पाठ करून चहा पीत बसले. असला खडूस माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

१२ मार्च

दाताच्या ठणक्याने जाग आली. आरशात बघितलं. बसवलेला दात गायब. त्या जागी माझा जुना किडका दात, हिरडीत घट्ट. तो मी वीस वर्षांपूर्वी उपटून घेतला होता.

बसवलेला पिंपात सापडला. लाल चिठ्ठीसकट.

पहिला विचार बायकोचा आला. फोन केला तर तिचा आवाज रडवेला. सकाळपासून घराची किल्ली कुलपाला लागत नाही म्हणे. शेजारीण विचारते, तुम्ही कोण, कुणाकडे आलात? मी म्हटलं घाबरू नकोस, कुलूप बिघडलं असेल. खोटं बोललो.

१३ मार्च

टेबलावरच्या तिच्या फोटोला लाल चिठ्ठी.

फाडली. तुकडे साहेबांच्या अंगावर फेकले. ते म्हणाले, मी फक्त चिठ्ठी बांधतो, बदली कोण ते तुम्हीच सांगितलंत. मी तो विनोद होता म्हणून ओरडत राहिलो. हात जोडले. पायही धरले, लिहायला लाज वाटत नाही. म्हणाले, शब्द मागे घेण्याची सोय इथे नाही.

बॅग भरली. निघणार तेवढ्यात तिचा फोन. दुसरं कुठे जाणार म्हणून ती इकडेच यायला निघाली आहे. रात्रभराचा प्रवास. मला इथेच थांबायला हवं. आमची चुकामूक झाली तर —

१४ मार्च

दिवसभर फाटकात उभा. चार बसगाड्या आल्या. ती नाही.

संध्याकाळी फोन लागला. तिचाच आवाज. कोण बोलतंय, असं विचारलं. मी सांगितलं. म्हणाली, माझं लग्नच झालेलं नाही, पुन्हा फोन केलात तर पोलिसांत जाईन.

मी रडलो. फोन ठेवल्यावरही कितीतरी वेळ.

१५ मार्च

गाडी फोडली. हातोड्याने. काचा, दिवे, दारं, सगळं. सीट उभी चिरली. साहेब खुर्चीत बसून बघत होते. अडवलं नाही.

जरा डोळा लागला. उठून खाली गेलो तर गाडी अखंड. रंग लखलखीत. मी अजून रंग काढलासुद्धा नव्हता — काम पूर्ण झालंय. माझ्याशिवाय.

फोटोत आता पहिली. तिच्यावर मी अन्याय केला, मान्य आहे. तिला एकटीला मरू दिलं. पण त्याची भरपाई हिने का —

१६ मार्च, दुपार

विसरायच्या आत लिहून ठेवतो. माझी बायको. डाव्या गालाला खळी. दोरा दाताने तोडायची. रस्त्यात नेहमी दोन पावलं पुढे. तिच्या बहिणीचं — नाही, तिला भाऊ होता. भाऊच होता ना —

खाली गाडी येऊन थांबली. साहेबांची तीच, जुन्या इंजिनाची घरघर ओळखू येते. साहेब कुणाला तरी सांगताहेत, मिस्त्री वर आहेत, जा.

जिन्यावर पावलं. दर पायरीला थांबून, धापा टाकत. शेवटच्या आजारात ती अशीच —

डाव्या गालाला खळी. डाव्याच. दोरा दाताने.

दार वाजवलं नाही. आत आली. पलंगावर बसली आहे. इतके दिवस कुठे होतात, विचारते आहे. अंगाला दवाखान्याचा वास. मी वर बघत नाही. लिहितोय.

विचारते आहे, कुणाबद्दल लिहिताय.

सांगायला तोंड उघडलं आणि — डाव्या गालाला खळी, दोरा — वर लिहिलंय मी, माझंच अक्षर आहे — पण हे कुणाच्या गा